पाटी कोरी, पेटी शाबूत

मराठीचा मास्तर कॉम्प्युटरवर लिहू लागला म्हणजे संपादकांना विषयांची टंचाई भासत असावी, असा संशय वाचकांना येणे साहजिक आहे. पण यात दोष संपादकांचा नाही. दोष आहे एका शब्दाचा, आणि शब्दांची झाडाझडती घेणे हा तर आमचा पोटापाण्याचा धंदाच!

तो शब्द म्हणजे ‘मेमरी’. संगणकाबरोबर आपण तो उचलला आणि त्याच्या पोटात दोन अगदी निराळ्या वस्तू कोंबल्या. दुकानदार ‘मेमरी वाढवा’ म्हणतो तेव्हा तो बोलत असतो रॅमविषयी. रॅम ही शाळेतली पाटी. काम चालू आहे तोवर तिच्यावर आकडेमोड चालायची. वीज गेली की पाटी कोरी. जपून ठेवलेले लिखाण, फोटो, हिशेब हे सारे असते डिस्कमध्ये. ती माजघरातली पेटी. आता पाटी फुटली म्हणून पेटीतला शालू काही फाटत नाही. पण दोघींनाही आपण मेमरीच म्हणतो, आणि मग पाटी फुटल्याचे ऐकून माणसे पेटीसाठी रडू लागतात.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या तात्यांचे असेच झाले. तात्या पेन्शनर, वय 78. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यांच्या हातच्या चार वह्या मागे राहिल्या. त्यांत पाककृती, जात्यावरच्या ओव्या, माहेरच्या हकिकती. तात्या रोज सकाळी दोन बोटांनी त्या टंकित करीत. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या दोन वह्यांना वाळवी लागली. म्हणजे त्या दोन वह्या आता काय त्या यंत्रातच उरल्या.

यंत्र जुने, फार रेंगाळणारे. रॅम 4 जीबी. कुणीतरी सल्ला दिला, भाच्याने 8 जीबीची नवी पट्टी आणून बसवली आणि बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाकुट्ट! दुकानात फोन केला तर तिथल्या गृहस्थाने यंत्र न पाहताच निकाल दिला, “डिस्क उडाली असेल, नवीनच घ्या.” तात्या आमच्याकडे आले ते चहासुद्धा घेईनात.

आमची कन्या इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, “आजोबा, पेटीला कुणी हात लावलेला नाही. आधी पाटी बघू.” मी बॅटरी धरली. एवढेच माझे शौर्य.

तिने प्रथम वायर भिंतीतून काढली आणि मग चालू करायचे बटण दोन-चारदा दाबले; आत रेंगाळणारी वीज निघून जाते म्हणे. लोखंडी सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीजही उतरवली. मग तिने पट्ट्यांच्या पोटाशी असलेली खाच तपासली. या पट्ट्यांच्या पिढ्या आहेत: डीडीआर-3, 4, 5. प्रत्येकीची खाच निराळ्या जागी, म्हणजे एकीच्या घरात दुसरी शिरूच नये. तिसऱ्या पिढीला 240 टोके आणि दीड व्होल्ट, चौथीला 288 आणि 1.2 व्होल्ट. इथे दोन्ही पट्ट्या तिसऱ्या पिढीतल्याच निघाल्या. गोत्र जुळले.

नवी पट्टी काढून जुनी एकटीच ठेवली. तरी काळोखच! तात्यांचा चेहरा पाहवेना. पण कन्येने जुनीही उपसली, तिच्या सोनेरी टोकांवरून पोरांचे खोडरबर हलकेच फिरवले, भुगा झटकला आणि दोन्ही कडांचे चाप ‘खट्ट’ वाजेपर्यंत ती दाबून बसवली. नवी पट्टी घुसवताना भाच्याच्या हाताने जुनीच हलली होती. पडदा उजळला!

आता कुणीही पुढच्या प्रयोगाला लागला असता. आमची कन्या थांबली. तिने आधी काकूंच्या साऱ्या वह्यांची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. मला तिचे कौतुक वाटले ते इथे. कारण रॅम अजिबात न चालणे हे एक वेळ बरे. अर्धवट चालणारी अधिक घातकी. तिच्यावर एक अक्षर चुकले आणि तेच आपण जतन केले, तर ते चुकलेले अक्षर पेटीत जाऊन बसते, आणि कुणाला पत्ता लागत नाही.

मग नवी पट्टी जुनीच्या जागी एकटी बसवली. यंत्र चालले. म्हणजे पट्टी निर्दोष. दुसऱ्या खोबणीत बसवली. बंद. म्हणजे चोर खोबण! इतकी वर्षे रिकाम्या पडलेल्या त्या खोबणीत धूळ साचली होती. कोरड्या मऊ ब्रशाने ती झाडली आणि दोन्ही पट्ट्या नांदू लागल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढीच काय ती विद्या. व्याकरणाचे प्रयोग ओळखायला आम्ही वर्गात दुसरे काय शिकवतो?

(ज्यांच्याकडे पाचव्या पिढीचे नवे यंत्र आहे त्यांच्यासाठी एक सूचना. नवी पट्टी बसवल्यावर पहिल्या खेपेस पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. यंत्र पट्टीशी ओळख करून घेत असते. घाईने वायर ओढू नये.)

रात्री मेमटेस्ट नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम पेनड्राइव्हवरून चालू ठेवला. तो पाटीच्या घराघरात लिहून पुन्हा वाचून पाहतो. तात्या त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य. तेव्हा कुठे त्यांनी चहा मागितला.

पेनड्राइव्हवरची एक प्रत तात्यांनी नागपूरला मुलीकडे धाडली. दोन दिवसांनी तिचा फोन आला, “बाबा, आईच्या कढीत ‘चिमूटभर हिंगोली’ घालायची आहे, ती कुठे मिळेल?”

तात्या आता पहिल्या वहीपासून मुद्रिते तपासायला बसले आहेत.