विश्लेषण : दरफलक भिंतीवर, अंदाज मात्र गुलदस्त्यात, उपचारखर्चाची सरकारी माहिती रुग्णाच्या हाती का येत नाही?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. यांतल्या कुठल्याही स्थानकाबाहेर पडले की पाच-दहा मिनिटांत दोन-तीन नर्सिंग होमच्या पाट्या दिसतात. पण पित्ताशयाचे खडे काढायला त्यांपैकी कुठे किती खर्च येईल, हे दाखल होण्याआधी एका जागी ताडून पाहण्याची सरकारी सोय नाही. माहितीच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. ती तीन यंत्रणांकडे, तीन वेगवेगळ्या कारणांसाठी गोळा होते.

दरफलकाचा नियम काय सांगतो?

खासगी रुग्णालयांची नोंदणी राज्यात १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद व १५ प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. दाखल शुल्क, खाटेचे दिवसाचे भाडे, अतिदक्षता विभाग, डॉक्टर व भूलतज्ज्ञांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, प्राणवायू, तपासण्या वगैरे. मुंबईत नोंदणी आणि देखरेखीचे काम महापालिकेकडे आहे.

अडचण फलकाच्या रचनेतच आहे. त्यावर सुटे दर असतात. रुग्ण किती दिवस राहील, कोणते साहित्य वापरले जाईल, किती डॉक्टर भेट देतील, यावर बिल ठरते. खाट स्वस्त असलेल्या ठिकाणीही एकूण बिल जास्त होऊ शकते. शिवाय फलक त्या इमारतीत जाऊनच वाचावा लागतो. छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन चार ठिकाणचे फलक कोण वाचणार?

मग आकडे कोणाकडे असतात?

सर्वाधिक तपशील राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे येतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हीच संस्था चालवते. योजनेतील रुग्णाचे निदान, उपचाराची पूर्वमंजुरी, डिस्चार्ज, दाव्याची रक्कम, सगळ्याची नोंद संगणकावर होते. २०२३च्या निर्णयाने योजनेतील उपचारांची संख्या १,३५६ आणि कुटुंबाचे संरक्षण पाच लाख रुपये झाले. उपचारनिहाय दर आणि रुग्णालयांची यादी सोसायटी खुली ठेवते.

मात्र हा दर म्हणजे सरकार रुग्णालयाला किती देणार तो आकडा. उपचाराला प्रत्यक्ष किती लागतात, हे त्यातून कळत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर न्यावी लागली, यावरूनच दोन्हींतले अंतर लक्षात यावे.

दुसरी यंत्रणा धर्मादाय आयुक्तालय. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नमर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकून तिचा हिशेब द्यावा लागतो. म्हणजे बड्या रुग्णालयांच्या बिलांचा एकत्रित आकडा सरकारदरबारी असतो, पण कोणत्या उपचाराला किती, ही फोड त्यात नसते.

करोनाकाळात ते कसे जमले?

तिसरी यंत्रणा म्हणजे महापालिका, आणि तिच्याकडे बिले येऊ शकतात हे करोनाने दाखवले. मे २०२०मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधले : विलगीकरण कक्षाला दिवसाला चार हजार, अतिदक्षता विभागाला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह नऊ हजार. महागडी औषधे आणि काही तपासण्या त्याबाहेर होत्या. मुंबईत पालिकेने मोठ्या रुग्णालयांवर लेखापरीक्षक नेमले. बिल रुग्णाच्या हातात पडण्याआधी तपासले जाऊ लागले.

पण त्या तपासणीचा हेतू जादा आकारणी रोखणे हा होता, दरांची नोंदवही तयार करणे हा नव्हता. साथ ओसरली तशी ती थांबली. त्याआधीच, ऑक्टोबर २०२०मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने करोनाखेरीज इतर रुग्णांचे दर ठरवण्याचा राज्याचा आदेश रद्द केला होता. मात्र दर ठरवणे आणि दर उघड करायला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा अधिकार २०२१च्या नियमांनी वापरलाच आहे. तो फलकापाशी थांबवला एवढेच.

इतरत्र काय होते?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एक सरकारी संस्था विमा कंपन्यांकडून चुकत्या झालेल्या दाव्यांची माहिती घेते आणि उपचारनिहाय, रुग्णालयनिहाय दर लोकांपुढे ठेवते. तिथेही ते सर्वांगपूर्ण नाही : कर्मचाऱ्यांचा खर्च स्वतः उचलणाऱ्या कंपन्यांवर २०१६च्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सक्ती करता येत नाही. आपल्याकडे तर खिशातून भरलेली बिले कुठल्याच विमा नोंदीत येत नाहीत. त्यामुळे ती माहिती रुग्णालयांकडूनच घ्यावी लागेल.

सध्या आधार आहे तो सर्वेक्षणांचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या फेरीत देशातील शहरी भागात एका दाखल रुग्णामागे सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,८३७ रुपये आणि खासगीत ३८,८२२ रुपये निघाला. राजावाडी, कूपर या पालिका रुग्णालयांतील गर्दीचे एक कारण याच दोन आकड्यांत आहे. पण देशाच्या सरासरीवरून मुलुंडमधल्या कुटुंबाला आपले रुग्णालय निवडता येत नाही.

न्यायालयाकडून काही होईल?

केंद्राच्या २०१०च्या वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली प्रमाण दर ठरवावेत, असा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये धरला आणि ठोस प्रस्ताव न आल्यास सीजीएचएसचे, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, दर अंतरिम लागू करण्याचा विचार बोलून दाखवला. महाराष्ट्राने हा कायदा स्वीकारलेला नाही. तरीही सीजीएचएसचे मुंबईसाठीचे दर जाहीर आहेत आणि नियोजित शस्त्रक्रियेआधी रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घेऊन त्याच्याशी ताडून पाहता येते. फुले योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर करता येते. दरफलक लावलेलाच नसेल, तर तक्रार पालिकेच्या विभाग कार्यालयातील आरोग्य अधिकाऱ्याकडे करायची : घाटकोपरला एन विभाग, मुलुंडला टी, बोरिवलीला आर-मध्य आणि अंधेरी पश्चिमेला के-पश्चिम.