जाण्याचा दाखला

शाळा सोडल्याचा दाखला कुणाला माहीत नाही? मुलाने शाळा सोडली की जनरल रजिस्टरात तारीख आणि कारण लिहायचे, सही-शिक्का करून दाखला हाती द्यायचा. ही जबाबदारी शाळेची. पटावर नाव तसेच राहिले तर जाब गुरुजींना विचारतात, पोराला नाही.

अमेरिकेचा कारभार याच्या नेमका उलट आहे. पूर्वी तिथे उतरल्यावर आय-९४ नावाचे पांढरे कार्ड पासपोर्टला टाचून मिळायचे आणि निघताना ते विमान कंपनीकडे परत द्यायचे. विमानप्रवाशांसाठी 2013 साली हे कार्ड बंद झाले. आता आल्याची नोंद संगणकात होते आणि गेल्याची नोंद विमान कंपनीने पाठवलेल्या प्रवाशांच्या यादीवरून होते. निघताना शिक्का कोणी मारीत नाही. यादीत नावाचे अक्षर चुकले, किंवा मध्येच पासपोर्ट नवा निघून नंबर बदलला, की येणे एकीकडे आणि जाणे दुसरीकडे राहू शकते. आपल्या नावात वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, लग्नानंतर आडनाव बदलते. घोटाळ्याला वाव भरपूर!

आता आपल्या खामगाव-चिखलीकडचेही कितीतरी आजी-आजोबा नातवंडांसाठी तिकडे जातात. समजा दोघे एकाच विमानाने गेले, चार महिन्यांनी एकाच विमानाने परतले, पण नोंद फक्त आजोबांच्याच परतीची झाली. कागदावर आजीबाई अजून तिकडेच! ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. मुदतीपेक्षा 180 दिवसांहून जास्त राहून परतणाऱ्याला 3 वर्षे आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलेल्याला 10 वर्षे प्रवेशबंदी, असा तिथला कायदा आहे. मुलीचे बाळंतपण काही तेवढे थांबत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की मुलाखतीची तारीख घेण्याआधीच आय-९४ च्या अधिकृत संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकून आपला येण्याजाण्याचा इतिहास पाहावा. जुना पासपोर्ट असेल तर त्याचा नंबरही टाकून पाहावा. परतीची तारीख दिसली नाही तर घाबरू नये, पण मुंबईला बांद्रा-कुर्ला संकुलातल्या खिडकीपाशी जाऊन रडगाणे गाण्यातही अर्थ नाही. तिथे बोलायला मिळतात मोजकी मिनिटे. पुरावे आधीच गोळा करावेत. परतीचा बोर्डिंग पास आणि भारतात उतरल्यावर पासपोर्टवर पडलेला शिक्का हे सगळ्यांत मोठे. त्यांच्या जोडीला बँकेच्या तारखा. आम्हा पेन्शनरांचा तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखलाही कामी येईल. बँकेत समोर बसून सही केली म्हणजे माणूस त्या दिवशी इथेच होता ना! नोंद दुरुस्तीसाठी तिकडच्या गृहसुरक्षा खात्याची 'ट्रिप' नावाची तक्रार-व्यवस्था आहे, तिथे ही कागदपत्रे जोडून अर्ज करता येतो. त्याला वेळ लागू शकतो, म्हणून आधी हालचाल करावी.

आणखी एक. व्हिसाच्या अर्जात मागच्या भेटींच्या तारखा विचारतात. तिथे खऱ्याच तारखा लिहाव्यात. नोंद नाही म्हणून ती भेटच गाळा, असा सल्ला देणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. नोंदीतली उणीव पुराव्याने भरून काढता येते. खोटे मात्र एकदा पकडले गेले की कायमचे चिकटते.

मूळ तक्रार मात्र राहतेच. ज्याने दप्तर ठेवायचे त्याने गेल्याची पावतीही द्यायला हवी. ज्याने नियम पाळला त्यानेच तो पाळल्याचे सिद्ध करत बसायचे, हा कुठला न्याय? पण देश त्यांचा, नियम त्यांचे. आपल्या हातात एवढेच की परतल्यावर बॅग रिकामी करताना बोर्डिंग पासचा तो चिठोरा कचऱ्यात टाकू नये. रेशनकार्ड ठेवतो त्याच फाईलमध्ये तोही ठेवावा. दोघांचाही!