विश्लेषण : गाडीची चकाकी बाटलीत नाही, बादलीत आहे!

नवी गाडी दारात आली, हार-नारळ झाला, पेढे वाटून झाले की पाठोपाठ सल्ले सुरू होतात : कोटिंग करून घ्या, फोम गन मागवा, पॉलिशचे मशीन घ्या. मोबाइलवर फेसाने न्हालेल्या गाड्यांचे व्हिडीओ पाहून अनेक जण सध्या ‘कार डिटेलिंग’च्या छंदाकडे वळत आहेत. छंद उत्तमच आहे, पण बहुतेकांची सुरुवात खरेदीने होते आणि तिथेच गणित चुकते.

डिटेलिंग म्हणजे नेमके काय?

गाडी धुणे म्हणजे धूळ काढणे. डिटेलिंगमध्ये तीन टप्पे येतात : स्वच्छता, दुरुस्ती आणि संरक्षण. ते समजण्यासाठी रंगाचे थर माहीत हवेत. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. गाडीची चकाकी याच थराची असते आणि घासला गेलेला थर पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे या छंदातला पहिला धडा चमकवण्याचा नसून न खरवडण्याचा आहे.

ओरखडे येतात कुठून?

पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली काळ्या गाडीचे बॉनेट पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. या रेघा बहुधा अपघाताने नव्हे, रोजच्या कोरड्या फडक्याने पडतात. धुळीतले कण फडक्याखाली सापडतात आणि पॉलिश पेपरचे काम करतात. सोसायटीत पहाटे एकच बादली आणि एकच फडके घेऊन माणूस ओळीने गाड्या पुसत जातो. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीवर पोहोचते. पण दोष त्याला देणे सोपे आहे. महिन्याकाठी मिळणाऱ्या मोजक्या पैशांत आणि प्रत्येक गाडीला मिळणाऱ्या पाच मिनिटांत त्याने दुसरे काय करावे?

नवख्याने सुरुवात कशी करावी?

दोन बादल्या, गाडीसाठीचा सौम्य शाम्पू, एक मायक्रोफायबर हातमोजा आणि तीन-चार मायक्रोफायबर टॉवेल एवढे सामान पुरते. भांड्यांचा साबण टाळावा, कारण तो आधी लावलेले वॅक्स उतरवतो. गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असताना धुवावी. उन्हात साबण आणि पाणी लगेच सुकते; बोअरवेलचे जड पाणी असेल तर पांढरे डाग राहतात.

आधी चाके धुवावीत. त्यांच्यासाठी फडके वेगळे ठेवावे, कारण तिथे ब्रेकमधून झडलेले लोखंडी कण असतात. मग गाडीवर पाणी मारून सुटी धूळ वाहू द्यावी. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी. हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा. टपापासून खाली येत जावे, शेवटी पाण्याने फेस काढून टॉवेलने अलगद टिपावे. जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा रंगाला लावू नये.

पॉलिश, वॅक्स, कोटिंग : आधी काय?

यात गल्लत फार होते. पॉलिश क्लिअर कोटचा सूक्ष्म अंश घासून काढते, म्हणून ती क्वचितच करायची दुरुस्ती आहे. वॅक्स वर पातळ संरक्षक थर देते. नवख्याने मशीनऐवजी हाताने वॅक्स लावण्यापासून सुरुवात करावी. चूक झाली तरी नुकसान होत नाही. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकते, पाणी आणि मळ चिकटू देत नाही, पण ते चिलखत नव्हे. उडालेला दगड ते अडवत नाही आणि धुण्यापासून सुटकाही देत नाही. ओरखडे तसेच ठेवून वर कोटिंग केले तर ते आतच राहतात. हजारो रुपये मोजून कोटिंग करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच कोरडे फडके फिरवायचे, ही उधळपट्टी आहे.

पाण्याचे काय?

मार्च 2024 मध्ये बेंगळूरुत टंचाईमुळे पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर 5,000 रुपयांचा दंड लावण्यात आला. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांनाही हा प्रश्न परका नाही. चालू नळी सोडून दोन बादल्या आणि तांब्या वापरला तरी पाणी बरेच वाचते. गाडीवर फक्त धूळ असेल तर ‘रिन्सलेस वॉश’ द्रव एका बादलीत भागवतो. पावसाळ्यातला चिखल मात्र आधी पाण्यानेच उतरवावा लागतो.

मग पहिला खर्च कशावर?

ज्याला दर रविवारी दीड तास देणे जमेल, त्याने स्वतः धुवावे. ज्याला जमणार नाही, त्याने गाडी पुसणाऱ्याला स्वतःच्या गाडीपुरते वेगळे टॉवेल द्यावेत, रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदाच नीट धुण्यास सांगावे आणि त्या वाढीव वेळेचे पैसेही द्यावेत. कोटिंगच्या बिलापुढे ही रक्कम किरकोळ आहे आणि गाडीचा रंग वाचवण्यात तिचा वाटा मोठा आहे.