धुराचा रंग काय सांगतो?



गळीत हंगाम सुरू झाला, की आपल्या इचलकरंजीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. हुपरीच्या जवाहर कारखान्याकडे निघालेला एखादा जुना ट्रॅक्टर चढावर धापा टाकतो आणि बंद पडतो. तोडलेला ऊस तसाच राहिला, तर वाळून वजन घटतं, साखरही कमी होते. मग मालकाला वाटतं, इंजिन लगेच खोलावं. पण चांगला मिस्त्री आधी पान्हा उचलत नाही. डॉक्टर जीभ बघतात ना, तसा तो धूर बघतो!

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा जोराने दाबली, की ती खूप तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी असं इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी करून दाखवलं. सायकलला हवा भरल्यावर पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, तेही बरंचसं याच कारणाने.

आता धुराची भाषा शिकू या.

काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर बघायचा. धुळीने तो गच्च भरला असेल, तर इंजिनाचा श्वासच कोंडतो.

निळसर धूर : इंजिनातलं ऑइल जळतंय. बहुतेक पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात.

पांढरा धूर : थंडीत सकाळी थोडा वेळ येतो, त्याची काळजी नको. पण थांबतच नसेल, तर नोझल बिघडलाय किंवा आत पाणी शिरतंय. रेडिएटरमधलं पाणी घटतंय का, ते बघायचं.

आणि इंजिन फिरतं, पण धूरही नाही नि सुरूही होत नाही? मग डिझेलच पोचत नसणार. टाकी रिकामी, फिल्टर तुंबलेला किंवा नळीत हवा धरलेली!

पाहिलंत? फिल्टर साफ करणं स्वस्त, इंजिन खोलणं महाग. म्हणून तपासणी सोप्यापासून सुरू करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळणार कसं? गणित चुकलं, तरी अख्खी वही फाडत नाही आपण. एकेक पायरी तपासतो.

या आठवड्याचा उद्योग : रस्त्याकडेला लांब उभं राहून पाच ट्रॅक्टरांच्या धुराचा रंग वहीत लिहा आणि कारण ओळखा. मात्र चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ जायचं नाही, आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, बरं का!