आधी नक्कल, मग भिंत



या खेपेस एक घरगुती दुखणे सांगणार आहोत. दुखणे माणसाचे नव्हे, आमच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचे. पण त्या डब्यात आमच्या घाटकोपरच्या वस्तीतल्या तीस-चाळीस घरांचा जीव अडकला होता, म्हणून हा प्रपंच.

आम्ही पडलो कारकून. ऑफिसात लिहायचे आणि घरी आल्यावर विहाराचे लिहायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. जयंतीचा जमाखर्च, सभासदांची यादी, मंगल परिणयाच्या नोंदी, सारे आमच्याकडे. २६ जुलै २००५ च्या पावसाने त्यात भर घातली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या चाळीत कमरेइतके पाणी आले. पत्र्याच्या पेट्यांतले शाळेचे दाखले, रेशनकार्डे, जुन्या भाडेपावत्या लगदा होऊन बाहेर निघाल्या. जे वाचले ते आम्ही वर्तमानपत्रात दाबून वाळवले आणि पुढे एकेक करून स्कॅन केले. मनाशी म्हटले, आता पाणी आले तरी भीती नाही. कागद बुडतो, कॉम्प्युटर बुडत नाही. केवढा हा भाबडेपणा!

गेल्या पावसाळ्यात वस्तीतले एक गृहस्थ आले. मुलीच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. त्यांच्याकडे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, पण पुरात भिजलेला तो कागद पुढे घडीवरच तुटून गेला. त्याची प्रतिमा उरली होती ती आमच्या कॉम्प्युटरात. आम्ही ऐटीत बटण दाबले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. फाईलचे नाव दिसते, फाईल उघडत नाही. आतून टक्-टक् असा आवाज येतो. शिवाय पडद्यावर जुनीच तक्रार: सी ड्राइव्ह भरला आहे.

आता हे सी आणि डी म्हणजे काय, ते चाळीत राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. दहा बाय बाराची एकच खोली. मध्ये प्लायवूडचे पार्टिशन घातले की बाहेरची खोली आणि आतली खोली तयार. कॉम्प्युटरातही हार्डडिस्क एकच असते. तिला पार्टिशन घालून सी आणि डी करतात. सी मध्ये कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, डी मध्ये आपले सामान. आमचा सी खच्चून भरला होता आणि डी अर्धा रिकामा. आम्ही ठरवले, पार्टिशन थोडे आत सरकवावे म्हणजे बाहेर जागा होईल. एका दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, फॉरमॅट मारतो, नव्यासारखा चालेल. नव्यासारखा म्हणजे नव्यासारखाच रिकामा, हे मात्र तो बोलला नाही.

सुदैवाने वस्तीतली कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली एक मुलगी घरी आली होती. तिने आवाज ऐकला आणि आधी कॉम्प्युटर बंद केला. म्हणाली, "काका, खोलीचा स्लॅब पडायला आलाय आणि तुम्ही पार्टिशन कुठे सरकवताय? आधी सामान बाहेर काढा. भिंतीचं मागून बघू."

तिने समजावले ते आम्ही वहीत उतरवून घेतले. हार्डडिस्कमध्ये गोल तबकड्या वेगाने फिरतात आणि एक बारीक सुई त्यांच्या अगदी जवळून, न टेकता वाचत जाते. डिस्क झिजली की चालू ठेवलेला प्रत्येक तास नुकसानीचा. म्हणून पहिला नियम, आवाज आला की बंद करा. दुसरा नियम, त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. फाईली परत मिळवण्याचा प्रोग्रॅमही तिच्यावर घालू नका. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही, तिच्या जागी दुसरे काही लिहिले गेले की मग जाते. तिसरा नियम, मोडकळीला आलेल्या डिस्कवर दुरुस्तीची तपासणी चालवू नका. आजारी माणसाला धावायला लावण्यासारखे आहे ते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवणे, टिचकी मारणे, हे उपाय म्हणजे अंगारे-धुपारे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

सार्थ भिंत सरकवण्यातला धोकाही तिने सांगितला. सी वाढवायचा तर त्याला लागूनच मोकळी जागा लागते. पण सीला लागून डीची सुरुवात. ती सरकवायची म्हणजे डीमधले सगळे सामान उचलून पुढे नेऊन ठेवायचे. निरोगी डिस्कवरही त्यात काही तास जातात, आणि मध्येच वीज गेली तर धड इकडे नाही, धड तिकडे नाही. आजारी डिस्कवर तर तो उद्योग म्हणजे हाताने घात.

मग तिने एका पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले, म्हणजे आमची विंडोज झोपलेलीच राहिली. नवी मोठी डिस्क बाहेरून जोडली आणि डीडी-रेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. हा प्रोग्रॅम मोफत आहे. त्याची रीत आम्हाला फार आवडली. जे सहज वाचता येते ते तो आधी उतरवून घेतो. जिथे अडते तिथे हट्ट न करता पुढे जातो, खूण ठेवतो आणि शेवटी परत येऊन अवघड जागा पुन्हापुन्हा वाचून पाहतो. दोन रात्री ते काम चालले. मूळ डिस्क बाजूला ठेवून नकलेतून फाईली काढल्या, एकेक उघडून पाहिली. नव्या डिस्कवर सी आणि डीची जागा सुरुवातीलाच बेताची आखली. भिंतीचा प्रश्न असा शेवटी, पाच मिनिटांत सुटला.

आजोबांचा दाखला सापडला. त्या गृहस्थांनी तो पडद्यावर पाहिला आणि काही न बोलता बराच वेळ बसून राहिले.

पण सगळेच सापडले नाही. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आईच्या आवाजात आम्ही बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवल्या होत्या. ती फाईल नेमकी खराब जागेवर होती. आई आता हयात नाहीत. दाखल्याची प्रत एखादे वेळी शाळेच्या दप्तरातून काढता येईल. तो आवाज कुठल्या दप्तरात मागायचा? दोष डिस्कचा नाही, आमचा आहे. सी मध्ये एक आणि डी मध्ये एक अशा दोन नकला ठेवून आम्ही निर्धास्त होतो. एकाच खोलीतली दोन कपाटे! पाणी शिरले की दोन्ही बुडणार.

बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतले तेव्हा त्यांचे ग्रंथ दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते. पाणबुडीच्या हल्ल्यात ती बोट बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले. महापरिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते कित्येक वर्षे पेट्यांत पडून होती. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमली, वसंत मून यांनी कागद लावले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. पुढच्या खंडांत काही लेखन अपुरे आहे, काही पाने मिळालेली नाहीत. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहून ठेवला नाही, त्यांनी तरी आपल्या नकला सांभाळायला नकोत काय?

म्हणून आमची विनंती. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती करा. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवा. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आम्ही एक डिस्क घरी, एक विहाराच्या कपाटात आणि एक मुलुंडला बहिणीकडे ठेवली आहे. दुसऱ्यांची कागदपत्रे असतील तर त्यांची परवानगी घ्या आणि पासवर्डचे कुलूप लावा. जुने मराठी टायपिंग श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर फाईल वाचूनही अक्षर वाचता येणार नाही. आणि वर्षातून एकदा प्रती उघडून पाहा. अनित्यतेचा नियम डिस्कलाही लागू आहे.

येत्या पौर्णिमेला विहारात स्कॅनर आणून बसणार आहोत. कागद घेऊन या. आणि घरात ओव्या म्हणणारी आई, आजी असेल तर तिलाही आणा. तिला आधी बसवू.