आधी पाणी, मग जाळी

एप्रिल लागला की जळगाव-धुळ्याच्या गच्च्यांवर वाळवणं पसरतात: ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड, वड्या. आणि त्यांच्या मागोमाग खारी येतात. खार बिबड्याचा कोपरा मोडते, मागच्या पायांवर बसते आणि पुढच्या पंजांत तो तुकडा फिरवत फिरवत कडेकडेने कुरतडते. घाई म्हणून नाही. पाहण्यासारखं दृश्य असतं, फक्त बिबडे आपले नसावेत.

खार हाकलण्याचे घरगुती उपाय आपल्याकडे प्रत्येक गल्लीत मिळतात. त्यातला पहिला मान मिरचीचा. दोंडाईचाच्या मिरचीबाजाराचा शेजार असलेल्यांना तो सुचणारच. त्यात तथ्यही आहे. मिरचीतलं तिखट सस्तन प्राण्यांना झोंबतं, पक्ष्यांना झोंबत नाही. म्हणून चिमण्यांसाठी ठेवलेल्या दाण्यांना तिखट चोळलं, तर खार नाक मुरडते आणि चिमण्या बिनधास्त खातात. पण तेच तिखट कुंडीत टाकलं की पहिल्या पाण्याबरोबर वाहून जातं आणि वारा सुटला की आपल्याच डोळ्यांत येतं. लसूण-मिरचीचा फवारा, कडुनिंबाचा पाला, पुदिना यांचीही हीच गत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सकाळचा वास दुपारपर्यंतही टिकत नाही. शिवाय खार हुशार. वासाने काही बिघडत नाही हे कळलं की ती परत हजर.

डांबराच्या गोळ्यांना ‘घरगुती’ म्हणणं तर साफ चूक. ते विषारी रसायन आहे. लहान मुलं वावरतात तिथे ते नकोच. चिकट सापळ्यात अडकलेली खार तडफडून मरते. उंदराच्या औषधाने मेलेला जीव मांजराने किंवा घुबडाने खाल्ला, तर विष पुढे सरकतं. आणि आपल्या वस्त्यांत दिसणारी पाच पट्ट्यांची खार हा वन्यजीव आहे, हेही विसरून चालणार नाही. रामाने पाठीवरून तीन बोटं फिरवली म्हणून तीन पट्टे, असं आजी सांगायची. उरलेल्या दोन पट्ट्यांचा हिशेब तिने कधी दिला नाही.

टिकतो तो आडोसा. वाळवणावर मच्छरदाणीचं कापड ताणून चारही बाजूंनी वजन ठेवलं की प्रश्न मिटतो. डाळिंब, पेरू, सीताफळाला फळ धरल्यावर कापडी किंवा कागदी पिशवी बांधावी. बी पेरलेल्या वाफ्यावर उगवण होईपर्यंत बारीक जाळी टाकावी. गच्चीला टेकलेली फांदी छाटली आणि झाडाच्या खोडाला गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळला, की वर चढायचा सोपा रस्ता बंद होतो. माळ्याच्या फटी बुजवायच्या तर आधी आत पिल्लं नाहीत ना, ते बघावं. गादीचा कापूस ओढून नेणारी खार घरटं बांधत असते. फट बुजली की आतली पिल्लं उपाशी मरतात आणि आई बाहेरून लाकूड कुरतडत बसते.

गच्चीवर निभावतं, शेतात मात्र खार खरोखर महागात पडते. ठिबकचं देशभर नाव झालं ते जळगावच्या जोरावर. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली इथली केळी ठिबकच्याच नळ्यांवर पोसते. उन्हाळ्यात या नळ्यांना भोकं दिसली की रावेर-यावलचा शेतकरी उंदराबरोबर खारीचंही नाव घेतो. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला तिला काहीतरी कुरतडावंच लागतं. त्यात नाला आटलेला, विहिरीला कठडा, आणि बागेत ओल असलेली एकच जागा, ती काळी नळी. एक भोक पडलं की तिथे तळं साचतं आणि पुढच्या खोडांना पाणी पोचत नाही. मग जॉइनरची पिशवी घेऊन ओळ न् ओळ चालत बसा.

यावर शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय फवाऱ्यापेक्षा साधा आहे. बांधावर, झाडाखाली पाण्याची भांडी ठेवायची. सहज प्यायला पाणी मिळालं की नळी फोडण्याचं निम्मं कारण संपतं. ज्यांना जमतं ते नळ्या मातीखाली घेतात. दात झिजवण्याची गरज उरतेच, त्यामुळे नुकसान शून्यावर येत नाही. पण आटोक्यात येतं.

आणि खार काही उपरी नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये देशातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तिची सुरुवातच खानदेशातून झाली. खार तेव्हाही इथलीच होती. ती किडे खाते, फुलांतला रस पिताना परागकण इकडचे तिकडे करते. तिला गावाबाहेर काढणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. आपला माल झाकून ठेवणं मात्र आपल्या हातात आहे.

तेव्हा या उन्हाळ्यात फवाऱ्याची बाटली भरण्याआधी मातीचं एक उथळ परळ घ्या. वाळवणापासून आणि कुंड्यांपासून लांब, सावलीत ठेवा. पिल्लू पडलं तर वर चढता यावं म्हणून त्यात एक दगड टाका. पाणी रोज बदला, नाहीतर खारी कमी होण्याआधी डास वाढतील.