क्रियापद नसलेली वाक्ये

बर्लिनच्या पश्चिमेस ग्रूनेवाल्ड हे उपनगरी रेल्वेस्थानक आहे. भोवती झाडी, बंगल्यांची सुखवस्तू वस्ती; आजही तेथे लोकल थांबते आणि चाकरमानी चढतात-उतरतात. याच स्थानकातून १८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनमधील ज्यूंना घेऊन पहिली गाडी पोलंडमधील लोद्झकडे निघाली. युद्ध संपेपर्यंत ५०,०००हून अधिक ज्यूंना बर्लिनमधून हद्दपार करण्यात आले; त्यांतील बहुतेक मारले गेले.

जर्मन रेल्वेने १९९८ मध्ये तेथील १७ क्रमांकाच्या फलाटावर स्मारक उभारले. फलाटाच्या कडेने १८६ ओतीव पोलादी पाट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या, कोठून आणि कोठे, एवढीच नोंद. विशेषण नाही, उपमा नाही, क्रियापदसुद्धा नाही.

संहारावरील लेखन करुणेने ओथंबलेले असावे अशी आपली अपेक्षा असते, आणि 'हृदयद्रावक' हा आपल्या समीक्षेतील सर्वांत स्वस्त शेरा आहे. मला मात्र या कोरड्या नोंदी अधिक समर्थ वाटतात, कारण ती गुन्ह्याचीच भाषा आहे. तत्कालीन राइखबानने या प्रवासाचे रीतसर भाडे आकारले होते: तिसऱ्या वर्गाच्या दराने, माणशी दर किलोमीटरला ४ फेनिग, लहान मुलांना अर्धे तिकीट, मोठ्या गटाला सवलत. संहार असा वेळापत्रकात आणि हिशेबाच्या वहीत बसवला गेला. स्मारकाने तीच नोंद उचलून, काहीही न जोडता, आपल्यासमोर ठेवली आहे.

आकड्यात माणूस हरवतो, हा आक्षेप रास्तच आहे. त्याचे उत्तर स्थानकाबाहेरच्या भिंतीत सापडते. कारोल ब्रोन्यातोव्स्की या शिल्पकाराच्या १९९१ च्या या काँक्रीटच्या भिंतीत मानवाकृती आहेत त्या केवळ पोकळ्यांच्या रूपात. नाहीशा झालेल्या देहांची जाणीव ती पोकळी देते. आकड्याला ते साधत नाही.

तरीही आकड्यांच्या पाटीचे एक काम भिंत करू शकत नाही. पाटीवरील वाक्याला कर्ता नाही. कोणी पाठवले? इंजिन कोणी चालवले, तिकिटांचा हिशेब कोणी ठेवला, शेजारच्या बंगल्यांतून कोणी पाहिले? करुणरसात हे प्रश्न सहज विरघळून जातात. कोरड्या नोंदीपुढे ते वाचकाला स्वतःच विचारावे लागतात. शैलीचा विचार करताना आपण अलंकार मोजतो. 'माणसे मारली गेली' अशा वाक्यातील गाळलेला कर्ता शोधणे, हाही त्याच अभ्यासाचा भाग असायला हवा.